पंचांचं अळणी जेवण

चिंताकीच्या रामकिशनच्या तोंडावरून वारं गेलं आन त्येची जीभ जी बसली ती पुन्हा उठलीच न्हाई. हातपाय धडधाकट, भूक पहिल्यासारखी, पण बोलणं म्हणून न्हाई. बीदरचे हकीम झाले, वैदू झाले. कुणी जिभेला वेखंड घासलं, कुणी मध चाटवला. मध तेवढा त्येनं आवडीनं चाटला. सहा महिने घरात मुकाट बसून काढले आन मंग एक दिवस भजनात तो वाजवायचा ती पेटी पुढ्यात ओढून त्येनं बायकोला, चंद्रभागाबाईला, पेटीवर हाक मारली.

खोटं वाटंल, पण सारं गाव साक्षीला हाय. दोन पट्ट्या दाबल्या की "अगं". त्यातलीच एक लांबवली की "ताक कुठंय". भाता ओढून एकच सूर धरून बसला की समजायचं, पाव्हणे उठायला तयार न्हाईत, काहीतरी कर. भांडण सगळं काळ्या पट्ट्यांवर, लाडीगोडी पांढऱ्यांवर. बत्तीस वर्षांच्या संसारात जेवढा बोलला न्हाई तेवढा गडी दोन वर्षांत पेटीवर बोलला. चंद्रभागाबाई चुलीपासनं तोंडानं उत्तर द्यायची. शेजारची गौरम्मा भिंतीवरनं विचारायची, "अक्का, आज सकाळपसनं काळ्याच चालल्यात. काय केलीस?"

"मी कशाला काय करू? त्येंच्या बहिणीनं केलंय," चंद्रभागाबाई म्हणायची. तेवढ्यात आतनं काळी पट्टी अजून जोरात वाजायची.

पण पेटी रामकिशनची नव्हती. ती चिंताकीचीबी नव्हती. उदगीरच्या एका व्यापाऱ्यानं नवस फेडायला माळावरच्या महादेवाला वाहिलेली. देव काय पेटी वाजवत न्हाई. म्हणून चिंताकी आन हिप्पळवाडी, माळाच्या अल्याडचं आन पल्याडचं गाव, ह्येंच्यात शिवरात्रीनंतर पाचव्या दिवशी, महादेवाच्या जत्रेत, भजनाचा सामना व्हायचा, आन जिंकंल त्या गावात वरीसभर पेटी राहायची. दोन वरसं चिंताकी जिंकली व्हती. आता तिसरी शिवरात्र आली तशी चंद्रभागाबाईची झोप गेली. पेटी गेली की नवऱ्याची जीभ पुन्हा जाणार. गेल्या वेळचे ते सहा महिने तिला आठवायचे. घरात माणूस असून भिंतीशी बोलल्यासारखं. एकदा तर तिनं त्येला मुद्दाम करपलेली भाकरी वाढली, निदान चिडंल म्हणून. त्येनं ती खाल्ली आन हात धुतले.

सामन्याचे नेम दोनच. एक, पंच दोन्ही गावांपैकी कुणाचाबी सोयरा नसावा. दोन, निकाल लागंपर्यंत पंचाच्या पोटात दोन्ही गावांचं मीठ जाऊ न्हाई. ज्याचं मीठ खाल्लं त्याला माणूस जागतोय, असं आमच्याकडं हिंदू म्हणतंय, मुसलमानबी म्हणतंय. म्हणून पंचांना दोन दिवस अळणी जेवण. दोन्ही गावांची एकेक बाई माळावर जायची, एकाच चुलीवर रांधायची आन एकमेकीच्या हातावर डोळा ठेवायची. पंचाच्या पोटात मीठ गेल्याचं निघालं तर सामना मोडला, पेटी जिथं व्हती तिथंच.

त्या साली चिंताकीकडनं चंद्रभागाबाई मागं लागून गेली. हिप्पळवाडीकडनं आली सिद्धव्वा, तिथल्या भजनातल्या मुख्य गवयाची, हावगेप्पाची, बायको. आल्या आल्या सिद्धव्वानं चंद्रभागाबाईचा पदर झटकला, बांगड्या वर सारून बघितल्या, कमरेचा बटवा उलटा केला.

"दात मोजतीस का आता?" चंद्रभागाबाई म्हणाली.

"मोजले असते, अक्का. पण असायला तर पायजेत."

मंग चंद्रभागाबाईनं तिची झडती घेतली. पोलकंसुद्धा चाचपलं. ह्या दोघींची अशी ओळख झाली.

दुपारच्याला बैलगाडीतनं पंच उतरले. त्येंना आणलं व्हतं शेजारच्या तिसऱ्याच गावच्या हणमंतप्पा पाटलानं. सामन्याचा कारभार त्येच्याकडं, कारण त्या काळात चार माणसं गाण्याला जमवायची तर अमीनसाहेबाची, म्हणजे निजामाच्या फौजदाराची, इजाजत लागायची, आन अमीनसाहेबाकडं पाटलाचं येणंजाणं व्हतं. पण पाटलाची बायको हिप्पळवाडीची. ही गोष्ट सगळे विसरले व्हते, चंद्रभागाबाई सोडून.

"हे दस्तगीर मियाँ," पाटलानं देवळाच्या पायरीवरनं सांगितलं. "हैदराबादेत नवाबाच्या ड्योढीवर वीस वरसं तबला वाजवलाय. हे निंगप्पा, कलबुर्गीकडचे. एवढे मोठे गवई की आवाज जपायला बोलत न्हाईत. आन हे शिवय्यास्वामी, मठातले, गाण्याचं शास्त्र सांगतात."

लोकांनी हात जोडले. चंद्रभागाबाईनं जोडले न्हाईत, तिच्या हातात पीठ व्हतं. ती तिघांकडं बघायलीती. दस्तगीर मियाँ बारीक, पांढरी दाढी, बोटांची टोकं काळीभोर. निंगप्पा आडदांड, मान एका बाजूला वाकडी करून बसायचा, जसा कुणाचं तरी चोरून ऐकायलाय. लोकांत लगेच कुजबूज सुटली की ह्यो गवई न्हाई, अमीनाचा माणूस हाय, कोण काय गातंय ते टिपायला आलाय. शिवय्यास्वामी गोल, गोरा, हसरा. चंद्रभागाबाईला सगळ्यात जास्ती संशय त्या हसण्याचा आला.

"सिद्धव्वा," ती चुलीपाशी म्हणाली, "ह्या तिघांत तुझा कोण लागतोय?"

"माझा कोण लागंल? मला वाटलं तुझे भाऊ आलेत. नाक बघ त्या मियाँचं."

"मियाँ माझा भाऊ?"

"तुमच्या चिंताकीचा काय भरवसा."

पहिलं जेवण वाढताना चंद्रभागाबाईनं कामाला सुरुवात केली. तिचं म्हणणं असं की माणूस तोंडानं खोटं बोलतंय पण घास खोटा घेत न्हाई. घासावरनं तिनं एकदा चोर धरलता. मागनं कळलं की चोर दुसराच व्हता, पण धरलेलाबी काही चांगला नव्हता.

दस्तगीर मियाँनं भाकरीच्या आधी पाण्याचा लोटा हातात घेतला, उलटासुलटा फिरवला, कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली. मंग खाली ठेवला. जेवताना सारखा ताटलीच्या कडेवर बोट टकटक करायचा. लोकांना वाटायचं, बघा, तालात भिनलाय माणूस. चंद्रभागाबाई भाजी वाढता वाढता सहज म्हणाली, "मियाँ, सुराया घडवता का हुक्के?"

"सुरायाच जास्ती, अम्मा," मियाँ बोलून गेला, आन हातातला घास हातातच राहिला.

बिदरीचा कारागीर. काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकणारा. भांडं काळं करायला बीदरच्या किल्ल्याची माती लागतिया, ती लागून लागून बोटं काळी झालेली. नवाबाच्या ड्योढीवर गेला असंल तर सुरई पोचवायला.

"बोलू नक्को, अम्मा," मियाँ हळूच म्हणाला. "पाटील साब बोले, खाली बैठनेका है, और कुछ नै. मैं बोल्या, बैठता."

चंद्रभागाबाई पुढच्या ताटाकडं गेली. निंगप्पाच्या उजव्या अंगाला जाऊन तिनं पितळी परात हातातनं सोडली. देवळातली कबुतरं उडाली, मियाँच्या अंगावर पाणी सांडलं, सिद्धव्वानं "यव्वा" म्हणून छातीला हात लावला. निंगप्पा भाकरी मोडायलाता तसाच मोडायलाता.

ती डाव्या बाजूला गेली. "कुठल्या खाणीवर, अण्णा?"

निंगप्पानं डावा कान तिच्याकडं केला. त्येच्या नखांच्या कडेला फरशीची राखाडी भुकटी व्हती, धुऊनबी न जाणारी. "शहाबाद," तो म्हणाला. "सुरुंग लावायचो. एक कान गेला." मंग, "दुसऱ्यानंबी कमीच येतंय."

आवाज जपायचा म्हणून बोलत न्हाई म्हणे. त्येला आपलाच आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून किती मोठ्यानं बोलायचं ते कळत नव्हतं.

राहिला शिवय्यास्वामी. तो आपण होऊन सापडला. संध्याकाळी चुलीपाशी येऊन उभा राहिला, वाफेत नाक घातलं, आन म्हणाला, "अक्का, तुरीत हळद जरा उशिरा टाकलात. आधी टाकली की डाळ लवकर मऊ पडतिया."

"स्वामी, मठात किती माणसांचं रांधता?"

"अमावस्येला सातशे," स्वामी अभिमानानं म्हणाला. मंग त्येचं हसू जरासं आखडलं. पण तोपर्यंत उशीर झालता.

रातभर चंद्रभागाबाईनं विचार केला. तिघांतल्या एकालाबी गाण्यातलं कळत न्हाई. म्हणजे उद्या त्येंना जे सांगून ठेवलंय तेच ते बोलणार. आन सांगून कोण ठेवणार? पाटील. आन पाटलाची सासुरवाडी कुठली? तिला पेटी माळाच्या पल्याड गाडीत जाताना दिसायला लागली.

सकाळीच तिनं पाटलाला देवळामागं गाठलं. तो दात घासायलाता.

"अप्पा, तुमच्या पंचांतला एक सुराया ठोकतोय, एक डोंगर फोडतोय आन एक आमटी ढवळतोय. गाणं कुणाला कळतंय?"

पाटलानं चूळ भरली. इकडंतिकडं बघितलं. "हळू बोल. गेल्या साली मी कलबुर्गीचा खरा गवई आणला. त्येनं चिंताकीला जिंकवलं. हिप्पळवाडीकरांनी त्येचं धोतर ठेवून घेतलं. बीदरपर्यंत पोत्यात गेला बिचारा. म्हणतात त्या दिवसापसनं त्येचा आवाज बारीक झालाय, बायकांचीच गाणी म्हणतोय. त्येच्या आधल्या साली तुमच्या लोकांनी पंचाला विहिरीत सोडून निकाल बदलून घेतला. दोरीला धरून, व्हय, पण सोडलंच की. आता गाणं कळणारा एकतरी माणूस ह्या माळावर पाय ठेवतोय का? मी बीदरच्या बाजारात उभा राहून जो व्हय म्हणंल त्येला गाडीत घातलं."

"पण पंचाला गाणं कळाया नको?"

"नेम सांग मला. सोयरा हाय का कुणी? न्हाई. मीठ खाल्लंय का कुणी? न्हाई. गाणं कळावं असा नेम कुठंय?"

चंद्रभागाबाईनं लई आठवून बघितलं. खरंच नव्हता. इतक्या वरसांत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आन तुमची बायको हिप्पळवाडीची, ते?"

"ती मला पंच करत न्हाई, आन मी तिला," पाटील म्हणाला आन लोटा उचलून गेला.

ह्या उत्तरानं तिचा संशय गेला न्हाई, दुप्पट झाला. माणूस खरा असता तर चिडला असता. ती चुलीकडं परत जाताना चिंताकीच्या गाड्यांवरनं गेली. त्येंच्या बैलापुढं पेंडीची पाटी व्हती, आन पाटीत बैलाला चाटायला टाकलेला मिठाचा खडा. चांगला लिंबाएवढा. बैल तिच्याकडं बघायलाता. तिनं खडा दगडावर फोडला, अर्धा बैलाला ठेवला, अर्धा अंबाड्यात खोचला.

तिचा हिशेब सरळ व्हता. निकाल हिप्पळवाडीकडं गेला तर उठायचं आन म्हणायचं, पंचांच्या पोटात मीठ हाय, विचारा त्येंना. सामना मोडंल, पेटी चिंताकीतच. आन निकाल चिंताकीकडं लागला तर तोंड मिटून घरी जायचं.

"कुठं गेलतीस?" सिद्धव्वानं विचारलं.

"बैलाला पाणी दाखवायला."

"तुमच्या गावात गडी न्हाईत का?"

"हायत की. ते सगळे गळा साफ करायलेत."

सिद्धव्वा लई वेळ तिच्या हातांकडं बघायलीती. हातात काही नव्हतं. शेवटी तिला भाकरी उलटायला तव्याकडं बघावंच लागलं, आन तेवढ्यात चंद्रभागाबाईनं डोकं खाजवलं.

दुपारच्या जेवणाला तिघं बसले. कालपसनं अळणी खाऊन तिघांची तोंडं उतरलेली. मियाँनं पहिला घास घेतला आन थांबला. त्येच्या डोळ्यांत पाणी आलं, घास ठसकल्यासारखं. निंगप्पानं वाटीच तोंडाला लावली. शिवय्यास्वामीनं एक भुरका मारला, वाटी खाली ठेवली, आन वर चंद्रभागाबाईकडं बघितलं. हसला न्हाई. तिला वाटलं, आता उठतोय, आता पाटलाला हाक मारतोय. स्वामीनं मान खाली घातली.

"अजून एक पळी वाढा, अक्का," तो म्हणाला.

तिघांनी भांडं पुसून खाल्लं. तळाला जे उरलं ते चंद्रभागाबाईनं धांदल केल्यासारखं करून चुलीत लवंडलं. "अगं, सांडलं की," ती म्हणाली. सिद्धव्वानं राखेकडं बघितलं, मंग तिच्याकडं. "हात कापतोय का तुझा?"

"म्हातारपण."

उन्हं कलली तसा सामना लागला. पहिल्यांदा चिंताकी. रामकिशन पेटीवर, पाच जण टाळ घेऊन मागं. सुरुवात बरी झाली. पण मधेच मुख्य गाणाऱ्याचा, हरिबाचा, सूर घसरला. रामकिशननं पेटीवर खोकल्यासारखं काहीतरी करून ते झाकलं. दोनदा झाकलं. तिसऱ्या वेळी पेटी तरी किती खोकणार. चंद्रभागाबाईला नवऱ्याच्या मानेवरचा घाम दिसायलाता.

मंग हिप्पळवाडी. हावगेप्पा उठला. घोगरा आवाज, हातात नुसती एकतारी. त्येनं कन्नडमधलं गाणं घेतलं, त्येचं स्वतःचंच बांधलेलं. आटलेल्या विहिरीला विचारायलाता की बाई, तुझ्यात रोज पडणारा चंद्र तू कुणाच्या घरी ठेवलास. एवढंच फिरून फिरून विचारायलाता. जत्रेतला फुटाणेवाला ओरडायचा थांबला. लेकरं गप झाली. चंद्रभागाबाईला गाण्यातलं जास्ती कळत नव्हतं, पण तिनं नवऱ्याकडं बघितलं. रामकिशनची बोटं मांडीवर हलायलीती. हावगेप्पाच्या मागं मागं. डोळे मिटलेले, आन तोंडावर ते, जे तिनं कितीतरी वरसांत बघितलं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतातलं पीक बघून खरा शेतकरी जसा खूश होतोय, तसं.

तवाच तिला कळलं की चिंताकी हारली. पंचांना कळायची गरजच नव्हती. तिनं उठायची तयारी केली. म्हणायचं वाक्य जिभेवर आणून ठेवलं.

तिघं पंच डोकी जवळ आणून कुजबुजले. निंगप्पाच्या कानात दोघांना ओरडावं लागलं, पण काय ओरडले ते कन्नड, दखनीच्या खिचडीत कुणाला समजलं न्हाई. मंग शिवय्यास्वामी उभा राहिला. कुणाकडं न बघता म्हणाला, "चिंताकी."

हिप्पळवाडीचे लोक एवढे चकित झाले की त्येंना पंचांना मारायचंसुद्धा सुचलं न्हाई. पाटलाचं तोंड उघडं राहिलं. हावगेप्पानं एकतारी खांद्याला लावली आन बायकोला म्हणाला, "चल." सिद्धव्वा चंद्रभागाबाईच्या बाजूनं गेली पण थांबली न्हाई.

चिंताकीकरांनी गुलाल उधळला, रामकिशनला म्हणाले, "वाजवा की अण्णा." त्येनं भाता मिटला आन पेटीची कडी लावली.

पंचांची गाडी जुंपत व्हती तवा चंद्रभागाबाई मुद्दाम तिथनं गेली. शिवय्यास्वामी आधीच चढून बसला व्हता.

"आमटी लई चांगली व्हती, अक्का," तो हळूच म्हणाला. "मी सातशे माणसांचं रांधतो. मीठ कुणाच्या हातानं पडलं ते मला वासावर कळतंय."

"मंग बोलला कामून न्हाईत?"

"खाल्ल्यावर काय बोलायचं? मी आधी थुकायला पायजे व्हतं. थुकलो न्हाई. भूक लागलीती." त्येनं मियाँकडं बघितलं. मियाँनं नजर दुसरीकडं केली. "खाल्ल्या मिठाला जागलो. आता मला मठात जाऊन दोन उपास धरावे लागतील. तुम्ही बघा तुमचं."

गाडी गेली. पेटी चिंताकीच्या गाडीत बसून घरी आली, आन चंद्रभागाबाईनं सुटकेचा श्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताक दिलं न्हाई, मुद्दाम. पेटी वाजली न्हाई. रामकिशन उठला, स्वतः ओतून घेतलं, प्याला. दुपारी तिनं त्येच्या बहिणीबद्दल नको ते बोलून बघितलं. एकदा न्हाई, तीनदा. पेटी कोपऱ्यात, कडी लावलेली. तिसऱ्या दिवशी गौरम्मानं भिंतीवरनं विचारलं, "अक्का, पेटी बिघडली का?" चौथ्या दिवशी चंद्रभागाबाईनं पेटी उचलून त्येच्या पुढ्यात ठेवली. त्येनं ती पायानं न्हाई, दोन्ही हातांनी, नीट, बाजूला सारली. चोरीची भाकरी सारावी तशी.

हे तर पेटी गेल्यापेक्षाबी वाईट झालं. पेटी नसती तर माणूस बोलू शकत न्हाई म्हणून गप बसला असता. आता बोलू शकत व्हता आन बोलत नव्हता.

पाचव्या दिवशी ती मिरच्या कुटत बसलीती. तिखटाचं निमित्त चांगलं असतंय, डोळ्यांतनं काहीबी आलं तरी चालतंय. कुटता कुटता तिनं खाली बघूनच सांगितलं. खडा, अंबाडा, आमटी, स्वामीचं बोलणं. सगळं. "मी टाकलं मीठ. तुम्ही गप बसाल म्हणून भ्याले. आता बसलाच हाव गप, तर ऐका."

रामकिशननं पेटी ओढली, कडी काढली, आन सुरू झाला. लोक सांगतात सकाळी न्याहारीला सुरू झालेला माणूस गुरं परत आली तवा थांबला. मी म्हणते एवढं न्हाई, दुपारपर्यंत. पण एकबी पांढरी पट्टी न्हाई. गौरम्मा भिंतीवरनं डोकावली आन उलट्या पावली खाली उतरली. चंद्रभागाबाई मुसळ बाजूला ठेवून बसून ऐकायलीती. मधे एकदा "बरं" म्हणाली, एकदा "त्ये खरंय" म्हणाली. त्येच्या आईवर गेला तवा "आता मागचं कशाला" एवढंच म्हणाली.

मंग त्येनं पेटी धोतरात गुंडाळली, डोक्यावर घेतली आन हिप्पळवाडीच्या वाटेला लागला. ती मागनं धावली. "लोकांना काय सांगायचं?" डोक्यावर पेटी असली की माणसाला उत्तर देता येत न्हाई. ते तिचं तिनंच बघायचं व्हतं. गावच्या वेशीवर जो भेटला त्येला तिनं सांगितलं की महादेव सपनात आला आन म्हणाला, माझी पेटी एकाच गावात बसून तिला गंज चढायलाय. चिंताकीकरांना ते पटलं, कारण देवाविरुद्ध कोण बोलतंय.

हिप्पळवाडीकरांना मात्र काहीच पटलं न्हाई. हावगेप्पाच्या अंगणात पेटी ठेवली तशी निम्मं गाव गोळा झालं, पण जवळ कुणी येईना.

"जिंकलेली पेटी कुणी आणून देतंय का?" एक म्हातारा म्हणाला. "आत विंचू असंल."

"विंचू न्हाई. अमीनाचं काहीतरी हाय त्यात. उद्या येईल आन म्हणंल, चोरीची पेटी सापडली."

कुणीतरी काठीनं कडी काढली. विंचू नव्हता. एकानं भात्याचा वास घेतला. सिद्धव्वा उंबऱ्यात उभी, पदर दातात, डोळे बारीक. "अक्का, खरं सांग. कामून आलाव?"

चंद्रभागाबाईला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं तर चिंताकीचं नाक गेलं, आन हिप्पळवाडीकरांनी मठात जाऊन स्वामीला धरला असता. महादेव इथं चालणार नव्हता, इथले लोक त्येच्या सपनावर आपला हक्क सांगतात.

"बीदरच्या हकिमानं सांगितलंय," ती म्हणाली. "दर सोमवारी तीन कोस चालायचं, आन परक्या गावात बसून सूर धरायचा. मंग जीभ सुटंल. घरच्या सुराला गुण न्हाई म्हणतोय."

"तीनच कोस?"

"हकीम मोजून देतोय. जास्ती झालं तर उलटतंय."

रामकिशननं तिच्याकडं असं बघितलं की पेटी हाताशी असती तर काळी पट्टी तुटली असती. पण हावगेप्पा पुढं आला. त्येनं रामकिशनला हात धरून ओट्यावर बसवलं, पेटी त्येच्यापुढं ठेवली आन एकतारी काढून आणली. "आमच्यात पेटी कुणाला येत न्हाई," तो म्हणाला. "ते विहिरीचं एकदा धरा माझ्यामागं." रामकिशननं पहिला सूर लावला तसं अंगण हळूहळू रिकामं झालं. संशय कुणाचा गेला न्हाई. पण सांज झालीती, आन संशय घरी बसूनबी घेता येतोय.

पेटी तिथंच ठेवून दोघं घरी आले, आन पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. चंद्रभागाबाईला आठवड्याचे सहा दिवस मुक्या घरात काढावे लागले, ते तिनं काढले. गडी ओट्यावर बसले आन ती आत, सिद्धव्वाच्या चुलीपाशी. बाहेर विहिरीचं गाणं संपलं आन रामकिशन एकटाच वाजवायला लागला. सगळं काळ्या पट्ट्यांवर, न थांबता. चंद्रभागाबाईनं कान दिला. बैलाच्या पाटीतल्या खड्यापसनं तो सुरू झालता आन आता अंबाड्यापर्यंत आलता. हावगेप्पाला त्यातलं काही कळत नव्हतं, तो मान डोलवत व्हता आन मधे मधे एकतारी छेडत व्हता.

सिद्धव्वानं पीठ मळता मळता भिंतीकडं मान केली. "एवढं काय सांगायलेत, अक्का?"

"तुझ्या भाकरीचं कौतुक करायलेत."

सिद्धव्वाचे हात थांबले. "भाकरी मी अजून केलीच न्हाई."

"मंग कर की," चंद्रभागाबाई म्हणाली.